पोलादाच्या गावात कार्बनची सायकल

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मेसमागच्या खोलीत पोती तोलायचा हुकाचा काटा छताच्या अँगलला टांगलाय, काट्याला एक सायकल लोंबकळतेय आणि खाली आम्ही चौघं श्वास रोखून उभे. आकडा हलत हलत थांबला – ८.१. आम्ही अशी काही बोंब ठोकली की वॉर्डन सर चप्पल न घालताच खाली आले. मेसचे मामा मात्र शांतपणे म्हणाले, "बाबू, आठ किलोची सायकल अन् सत्तर हजार रुपये? एवढ्यात सेकंडहँड मोटारसायकल आली असती की! कामून केला हा उद्योग?"

हा झाला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न प्रोजेक्टच्या सेमिनारला आला, "ही तर नुसती असेंब्ली झाली. यात इंजिनिअरिंग कुठंय?" तिसरा प्रश्न आमच्यातल्या एकाच्या वडिलांचा. त्यांची बदनापूर तालुक्यात मोसंबीची बाग आहे. ते फोनवर एवढंच म्हणाले, "उन्हाळ्यात टँकर घालून झाडं जगवली मी, अन् तू सायकलीला पैसे लावायलास?" त्या रात्री तो जेवला नाही.

मित्रहो, या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला हा लेख लिहितोय. आधीच सांगून टाकतो, तिन्ही उत्तरं आमच्या बाजूची नाहीत.

आम्ही केलं काय, ते थोडक्यात सांगतो. फारसं नाव नसलेली, स्वस्तातली कार्बनची रोड फ्रेम आणि तिचा फोर्क (गावाकडं ज्याला चिमटा म्हणतात तो) मागवला. दोन्ही मिळून चोवीस हजार. दहा गिअरचा पूर्ण सेट सेकंडहँड घेतला, एकोणीस हजार. ॲल्युमिनियमची चाकं अकरा हजार. हँडल, स्टेम, सीटपोस्ट, सीट, टायर-ट्यूब, पेडल, केबल या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनीच साडेबारा हजार खाल्ले. शिवाय एक सीटपोस्ट दोनदा घ्यावी लागली, त्याची गोष्ट पुढं येईलच. एकूण एकोणसत्तर हजारांच्या वर. चौघांत वाटून प्रत्येकी सव्वासतरा हजार. ते सुट्टीत काम करून जमवले, काही घरून घेतले.

आता सरांचा प्रश्न. यात इंजिनिअरिंग कुठंय?

पहिल्याच दिवशी फ्रेम काट्यावर ठेवली. विकणाऱ्यानं सांगितलेलं वजन ९८० ग्रॅम, प्रत्यक्षात भरलं १०८०. म्हणजे पहिला धडा फुकटात मिळाला, कॅटलॉगमधला आकडा आणि काट्यावरचा आकडा हे दोन वेगळे प्राणी आहेत! मग आम्ही वहीत दोन रकाने आखले, 'सांगितलेलं' आणि 'भरलेलं'. नटबोल्टसुद्धा सोडले नाहीत. गिअर सेट २७०० ग्रॅम, चाकं १७५०, टायर-ट्यूब ७००, फोर्क ४१०, पेडल ३००. ही यादी भिंतीवर चिकटवली तेव्हा कळलं की ज्या फ्रेमसाठी एवढा जीव टाकला, ती सगळ्या वजनाच्या सातव्या भागाएवढीच आहे.

दुसरा धडा मेट्रॉलॉजी लॅबमध्ये. पेडलचा एक्सल जिथं बसतो त्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. जुन्या सायकलीत तिथं आटे असतात, कटोरी फिरवून बसवायची, छर्रे टाकायचे, ग्रीस लावायचं, झालं. आमच्या फ्रेमला आटेच नव्हते. ८६.५ मिलिमीटर रुंदीचं, ४१ मिलिमीटर व्यासाचं साधं भोक. बेअरिंगची कटोरी त्यात दाबून बसवायची. म्हणजे सेकंड इयरला पाठ करून विसरलेला 'फिट्स अँड टॉलरन्सेस'चा धडा! बोअर गेज लावला. एका बाजूचं माप बरोबर आलं, दुसऱ्या बाजूचं भोक किंचित लंबगोल. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पण तसंच दाबलं असतं तर दोन महिन्यांत कुरकुर सुरू झाली असती आणि आम्ही विकणाऱ्याला शिव्या देत बसलो असतो. माप घेतलं म्हणून योग्य चिकटद्रव्य लावून कटोरी बसवता आली.

कटोरी दाबायचं तयार टूल महाग. आम्ही बाजारातून आटे पाडलेली लांब सळई आणली, दोन नट आणले आणि वर्कशॉपच्या लेथवर मापाचे वॉशर टर्न केले. दोनशे रुपयांत प्रेस तयार. लेथवर चार वर्षांत आम्ही जॉब बरेच केले, पण जर्नलमध्ये सही मिळाल्यावर त्यांचं काय झालं कुणास ठाऊक. हे वॉशर मात्र अजून कपाटात जपून ठेवलेत.

आणि आता ती सीटपोस्टची गोष्ट. ही सांगायला लाज वाटते, पण नाही सांगितली तर लेख खोटा ठरेल.

सायकल जवळपास तयार झाली होती. रविवारी सकाळी राजूरच्या गणपतीला जाऊन यायचं ठरलं, जालन्याहून साधारण पंचवीस किलोमीटर. शनिवारी रात्री आमच्यापैकी एकानं (एकानं कशाला, मीच तो!) सीटचा क्लॅम्प आवळला. टॉर्क रेंच नव्हता. लहानपणापासून सायकलचा नट कसा आवळायचा ते ठाऊक होतं, सरकत नाही तोवर आवळायचा, मग वरून अजून एक पिळ. तसाच आवळला. सकाळी सीट थोडी वर घ्यायला क्लॅम्प सैल केला तर सीटपोस्टवर केसाएवढी रेघ दिसली. नाणं घेऊन वाजवून पाहिलं. बाकी सगळीकडं टणटण, त्या रेघेपाशी मात्र बद्द आवाज. आतले थर सुटले होते.

राजूर रद्द. सगळे गप्प. क्लॅम्पवर बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, ५ न्यूटन-मीटर. आम्ही चौघं मेकॅनिकलचे, पेपरात टॉर्कची गणितं सोडवून पास झालेले. पण आपल्या हातानं लावलेला एक पिळ म्हणजे किती न्यूटन-मीटर, हे एकालाही माहीत नव्हतं. ती रेघ दिसली नसती आणि उतारावर सीटपोस्ट तुटली असती तर हा लेख कुणी वेगळ्यानंच लिहिला असता, वेगळ्या मथळ्याखाली.

इथं आपल्या जालन्याचा विषय येतो. आपलं गाव सळईचं गाव. भंगार आणि स्पंज आयर्न भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात, रोलिंग मिलमधून लालभडक सळई निघते आणि पाण्याच्या फवाऱ्यात बाहेरून कडक, आतून लवचीक होते. इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण सगळेच जाऊन आलोय. टीएमटीचं मानक आहे आयएस १७८६. त्यात फे ५०० डी या प्रतीची सळई तुटण्याआधी किमान १६ टक्के लांबली पाहिजे, असं लिहिलंय. म्हणजे पोलाद मरताना सांगून मरतं. वाकतं, ताणलं जातं, माणसाला पळायला वेळ देतं. सायकलीत सर्रास वापरला जाणारा टी ७०० कार्बन तंतू बघा. त्याची ताकद ४९०० मेगापास्कल, म्हणजे फे ५०० च्या किमान यील्ड ताकदीच्या जवळपास दहापट (नुसत्या तंतूची हं, रेझिनमध्ये बसवलेल्या थराची बरीच कमी). घनता पोलादाच्या पाव भागाहून कमी. पण लांबतो किती? फक्त २.१ टक्के. कार्बन शेवटपर्यंत ठणठणीत असतो आणि मग एकदम जातो.

म्हणून कार्बनच्या सायकलीला अंदाजपंचे चालत नाही. सीटपोस्टला ग्रीस लावायचं नसतं, बारीक कणांची खास पेस्ट लावायची, म्हणजे कमी टॉर्कमध्ये पकड बसते. फोर्कची नळी कापताना ब्लेडवर पाणी सोडायचं आणि तोंडाला मास्क लावायचा, कारण ती धूळ फुप्फुसाला वाईट. नळीच्या आत नेहमीचा चांदणीसारखा नट ठोकायचा नाही, फुगणारा प्लग बसवायचा. ॲल्युमिनियम कार्बनला थेट टेकलं आणि त्यात घाम-पाणी गेलं तर ॲल्युमिनियम गंजत जातं. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या विषयाच्या पुस्तकात होती. आम्ही ती वाचलीही होती. कळली मात्र मेसमागच्या त्या खोलीत.

तर सर, इंजिनिअरिंग इथं आहे. भाग जोडणं म्हणजे इंजिनिअरिंग नव्हे, हे शंभर टक्के मान्य. फ्रेम आम्ही बनवली नाही, हेही मान्य. पण माप घेणं, शंका घेणं, चूक पकडणं आणि ती चूक वहीत लिहून ठेवणं, हे जर इंजिनिअरिंग नसेल तर मग काय आहे? आता थोडं कडू बोलतो. फायनल इयरला किती प्रोजेक्ट शहरातून तयार आणले जातात, हे हॉस्टेलला माहीत आहे आणि स्टाफलाही. रिपोर्टसकट मिळतात. बाइंडिंग सोनेरी. बटण दाबलं की चालतात आणि परीक्षक गेले की बंद पडतात. त्यांना 'यात इंजिनिअरिंग कुठंय' असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. २००७ पासून देशभरातली पोरं बाहा स्पर्धेत स्वतः गाडी बांधून उतरतात, तिथं परीक्षक पोरांनाच घाम फोडतात. तसाच घाम आमचाही फोडा की! आमची सायकल उघडा, माप घ्या, वही तपासा. फक्त सगळ्यांना एकच काटा लावा.

आता मामांचा प्रश्न. एवढ्या पैशात मिळालं काय? वेग मिळाला का?

याचं प्रामाणिक उत्तर, फारसा नाही. साध्या ॲल्युमिनियमच्या रोड बाइकपेक्षा आमची सायकल दोनेक किलो हलकी धरा. शंभर मीटर उंचीचा चढ चढताना दोन किलोसाठी लागणारी ऊर्जा किती? दोन गुणिले ९.८ गुणिले शंभर, १९६० ज्यूल. नेहमीचा सायकलवाला दीडशे वॉटनं पेडल मारतो असं समजू. म्हणजे वाचले तेरा सेकंद! सपाटीवर तर विचारूच नका. ताशी तीस किलोमीटरला दोन किलोमुळे टायरच्या घर्षणात पडणारा फरक एक वॉटसुद्धा नाही. सपाटीवर खरा शत्रू म्हणजे वारा, ताकदीचा तीन चतुर्थांश भाग तोच खातो. आणि आपला जिल्हा बव्हंशी पठार. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडं अजिंठ्याचे डोंगर लागतात तेवढाच काय तो चढ. शिवाय आमच्यातल्या एकाचं वजन परीक्षेच्या सुट्टीत तीन किलोनं वाढलं. घरचं तूप! तीस-चाळीस हजारांत वाचवलेले ग्रॅम त्यानं पंधरा दिवसांत भरून काढले.

मोठ्या स्पर्धांचंही थोडंफार असंच. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानं २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचं वजन किमान ६.८ किलो ठरवून टाकलंय. म्हणजे तिथं हलकेपणाला तळ आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या क्रिस बोर्डमननं कार्बनच्या लोटस सायकलवर सुवर्णपदक मिळवलं. ती गाजली ती वाऱ्याला कापणाऱ्या आकारामुळं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं पूर्ण केली. अशा शर्यतीत शंभर ग्रॅमनं काय होणार? झोप, पाणी, मागची गाडी आणि डोकं, यावर सगळं चालतं.

मग हलकी सायकल बांधायचीच कशाला? माझं मत असं की हलकेपणा हा गुरू म्हणून चांगला आहे, देव म्हणून वाईट. वजन कमी करायचं ठरवलं की प्रत्येक भागाला विचारावं लागतं, 'तू इथं का आहेस? एवढा जाड का आहेस? तुला काढलं तर काय तुटेल?' हा प्रश्न विचारायची सवय लागली की ती पुलालाही लागू पडते, पंपालाही आणि ट्रॅक्टरच्या नांगरालाही. पण ग्रॅमसाठी ग्रॅम मोजायला लागलो की आपण फक्त गिऱ्हाईक उरतो. आम्ही मधले काही आठवडे तसे झालो होतो. तीस ग्रॅम हलका बोल्ट मागवायला निघालो होतो, बाराशे रुपयांचा! तेवढ्यात सीटपोस्टला रेघ पडली आणि शुद्धीवर आलो. त्या पैशात टॉर्क रेंच आणला.

उरला तिसरा प्रश्न, मोसंबीवाल्या काकांचा. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. खोटं कशाला बोलू? ज्या जिल्ह्यात पाण्याचा टँकर मोजून घ्यावा लागतो तिथं सव्वासतरा हजार हा छंद म्हणून मोठाच आकडा आहे. फक्त पुढं जे घडलं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आमच्या गेटवर रात्रपाळीला जे काका असतात, ते सात किलोमीटरवरच्या खेड्यातून सायकलवर येतात. जुनी काळी सायकल, कॅरिअर आणि स्टँडसकट वीस किलोच्या आसपास. आमची सायकल पाहून ते एकदा हसत म्हणाले, "माझी पण करा की हलकी." आम्ही ती रविवारी उलटी केली. चाकाला एवढा आऊट की दर फेरीला ब्रेकचा रबर घासायचा. बॉटम ब्रॅकेटचे निम्मे छर्रे फुटलेले. चेन कोरडी ठणठणीत. टायरमध्ये हवा निम्मी. चाकाचा आऊट काढला, छर्रे नवीन टाकले, ग्रीस भरलं, चेनला तेल दिलं, हवा भरली. खर्च दीडशे रुपयांच्या आत. वजन एक ग्रॅमनं कमी झालं नाही, उलट ग्रीसनं वाढलंच असेल. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "पोरांनो, नाल्याच्या चढाला रोज उतरावं लागायचं. काल नाही उतरलो."

आमच्या सत्तर हजारांनी तेरा सेकंद वाचवले. दीडशे रुपयांनी एका माणसाचं रोजचं उतरणं वाचवलं. पण हेही खरं की ती कार्बनची सायकल बांधली नसती तर काकांच्या सायकलीत काय बिघडलंय हे आम्हाला कळलंच नसतं. चार वर्षं आम्ही त्याच गेटमधून येत-जात होतो.

तेव्हा माझ्या तीन मागण्या आहेत. मागण्या म्हटलं की राजकारण वाटतं, सूचना म्हणा हवं तर.

एक, महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडं ठेवावं आणि तिथं कुणाचीही सायकल दुरुस्त व्हावी. हॉस्टेलची, मेसवाल्यांची, वॉचमनकाकांची आणि आसपासच्या शाळेतल्या मुलींचीही. मानव विकास कार्यक्रमात मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सायकल मिळते, पण आऊट कोण काढणार? ब्रेक कोण बघणार? त्या सायकलवर मुलीचं शिक्षण उभं आहे. ती घरात पडून राहिली की शाळाही लांब जाते. सामान सायकलवाल्याचं, हात आमचे आणि टॉर्क रेंच आम्ही देणार.

दोन, प्रोजेक्ट परीक्षेत प्रत्येक गटाला आपली वस्तू परीक्षकांसमोर खोलायला आणि पुन्हा जोडायला लावावी. ज्यानं बनवलीय त्याला भीती नाही.

तीन, ही ज्युनिअरांना. पुढच्या वर्षी कार्बन मागवू नका. पोलादाच्या गावात राहता, फ्रेम पोलादाचीच करा. सळई चालणार नाही हे उघड आहे. क्रोमोलीची पातळ नळी आणावी लागेल, तिची टोकं फाइलनं घासून एकमेकींना बसवावी लागतील, आणि ब्रेझिंग शिकावं लागेल. फ्रेम दोनेक किलोची होईल, आमच्यापेक्षा किलोभर जड. होऊ द्या. फक्त तेरा सेकंदांचं निम्मंच नुकसान आहे! पण ती पडली, वाकली, तर आपल्याच वर्कशॉपमध्ये सरळ करता येईल. आणि सेमिनारला 'यात इंजिनिअरिंग कुठंय' असं कुणी विचारणार नाही.

आता राहिली आमची सायकल. ती कुणा एकाची नाही, म्हणून पास होऊन जाताना हॉस्टेललाच ठेवून जायचं ठरवलंय. वही, प्रेस आणि टॉर्क रेंचसकट. अट एकच. जो घेईल त्यानं आधी क्लॅम्पवरचं बारीक अक्षर वाचायचं. आणि राजूरला जाऊन यायचं.

आम्ही गेलो होतो शेवटी. समृद्धी महामार्गावर सायकलला काय, मोटारसायकललाही प्रवेश नाही. आपला नेहमीचाच रस्ता, ट्रक अंगावर येणारा. चौघांनी आळीपाळीनं ती एकच सायकल चालवली, बाकीचे तिघं मागं साध्या सायकलींवर. गणपतीच्या टेकडीपाशी पहिला कोण पोहोचला असेल? काळ्या, वीस किलोच्या सायकलवरचा जाफराबादचा पोरगा. शाळेला रोज आठ किलोमीटर जाऊन-येऊन घडलेले पाय होते ते. त्याचं वजन कुठल्या काट्यावर मोजणार?

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी